भरल्या ताटावरून उठलेला समाज

२००१ ते २००३ या काळात ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीवरील तीन चित्रपट जगभर प्रदर्शित झाले आणि जे. आर. आर. टॉल्किन हे नाव मराठी मध्यमवर्गीय घरांतही पोहोचले. इंग्रजी माध्यमात शिकणारी मुले आधी चित्रपटाकडे आणि मग मूळ कादंबरीकडे वळली. हजाराच्या आसपास पृष्ठांची ती कादंबरी संपली, की त्यांतील चोखंदळ मुले आणखी एका पुस्तकाची मागणी करतात. ते पुस्तक म्हणजे ‘द सिल्मरिलियन’, म्हणजेच त्या कादंबरीची पूर्वकथा. आईवडील हौसेने ते आणून देतात. मुलगा एवढे जाड इंग्रजी पुस्तक वाचतो, याचे कौतुक पाहुण्यारावळ्यांत होते. मात्र तो त्या पुस्तकात नेमके काय शोधतो आहे, हा प्रश्न कोणी विचारत नाही. विचारला, तर उत्तर सुखावणारे नाही. तो जे शोधतो आहे ते त्याच घरात, त्याच कपाटाच्या वरच्या फळीवर, लाल कापडात बांधून ठेवलेले असण्याचा संभव आहे. आणि ते कापड सोडून आजवर कोणी त्याला त्यातले एक पानही वाचून दाखवलेले नाही.

पूर्वकथेची ओढ

‘द सिल्मरिलियन’ हे सोपे पुस्तक नाही. कादंबरीतील विनोद, प्रवासातले खाणेपिणे, मित्रांमधील संवाद यांपैकी फारसे काही त्यात नाही. सृष्टीच्या उत्पत्तीपासून ते सुरू होते. आदिपुरुषाच्या संगीतातून विश्व साकारते, त्या संगीतात एक बलाढ्य शक्ती अहंकाराने विसंवादी सूर मिसळते आणि तेथून पुढे युगेच्या युगे वंश, युद्धे, शाप आणि विनाश यांची कहाणी चालते. नावांची गर्दी एवढी, की अनेक वाचक पहिल्या काही प्रकरणांतच पुस्तक मिटतात. तरीही जे टिकून राहतात ते त्या पुस्तकाचे कायमचे होतात. ते का टिकतात, याचे उत्तर मूळ कादंबरीत आहे.

कादंबरीतील पात्रे संकटाच्या घडीला जुन्या कथांचे स्मरण करतात. शत्रू भोवती जमत असता ॲरागॉर्न आपल्या सोबत्यांना बेरेन आणि लूथियन यांची प्राचीन कथा सांगतो. शत्रूच्या प्रदेशात शिरताना पायऱ्यांवर बसलेल्या सॅमला उमगते, की आपल्याजवळील कुपीत जो प्रकाश आहे तो त्याच जुन्या कथेतील रत्नाचा आहे. ती कथा संपलेली नाही, आपण तिच्यातच आहोत. साध्या माळ्याचे काम करणाऱ्या त्या माणसाला त्या क्षणी जे बळ मिळते ते तलवारीचे नाही, ते पूर्वस्मृतीचे आहे. वाचकाला त्या स्मृतीची ओढ लागते आणि म्हणून तो पूर्वकथेकडे वळतो.

हिंदू मनाला यात नवीन काय आहे? नैमिषारण्यात सौतीच्या मुखातून भारतकथा ऐकून झाल्यावर शौनकांनी विचारले, की भरतवंशाची कथा सांगितलीस, पण वृष्णी आणि अंधक यांची कथा राहिली. त्या प्रश्नाच्या उत्तरादाखल हरिवंश आला. रामराज्याभिषेक झाल्यावर उत्तरकांडात अगस्ती ऋषी श्रीरामांना रावणाचा आणि हनुमंताचा पूर्ववृत्तांत सांगतात. वनपर्वात द्यूतात सर्वस्व गमावलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व नलाची कथा ऐकवतात. पुढे द्रौपदीच्या हरणाने व्यथित झालेला तोच युधिष्ठिर मार्कंडेयांना विचारतो, की माझ्याएवढा दुर्दैवी कोणी झाला काय? तेव्हा त्याला रामकथा ऐकायला मिळते. द्रौपदीसारखी पतिव्रता कोणी झाली काय, असे विचारल्यावर सावित्रीची कथा मिळते. संकटातील माणसाला पूर्वजांची कथा सांगून उभे करायचे, ही रीत या भूमीत जुनी आहे. टॉल्किन यांची लूथियन मृत्यूच्या अधिपतीसमोर गाऊन आपल्या प्रियकराचे प्राण परत मिळवते, हे वाचताना सावित्रीचे स्मरण होणार नाही असा मराठी वाचक विरळा असायला हवा. टॉल्किन यांनी ती सावित्रीवरून घेतली, असे म्हणण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळाच आहे. लूथियनची कथा तोंडपाठ असणाऱ्या आपल्या मुलाला सावित्री यमाशी काय बोलली, हे ठाऊक आहे काय? वडाला दोरे गुंडाळण्यापलीकडे सावित्रीचे काही त्याच्यापर्यंत पोहोचले आहे काय?

ज्याच्याजवळ नव्हते, त्याचे तप

टॉल्किन हे ऑक्सफर्ड विद्यापीठातील प्राचीन इंग्रजी भाषेचे प्राध्यापक. १९२५ मध्ये ते त्या अध्यासनावर आले. आपल्या देशाचे दैन्य त्यांना तरुणपणीच जाणवले होते. ग्रीकांना होमर आहे, उत्तरेकडील लोकांना एड्डा आहे. इंग्लंडला इंग्लंडचे म्हणावे असे काय आहे? आर्थर राजाच्या कथा आहेत, पण त्यांचे मूळ इंग्रजी नाही. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या ड्यूक विल्यमने इंग्लंड जिंकले. राजदरबारात आणि उच्चवर्गात पुढील कित्येक पिढ्या फ्रेंच भाषा नांदली. आधीचे जे काही होते त्यातील बहुतेक लोपले. ‘बेवुल्फ’ हे प्राचीन इंग्रजीतील महाकाव्य एकाच हस्तलिखिताच्या रूपाने उरले आणि १७३१ च्या आगीत तेही होरपळले. एका राष्ट्राची स्मृती एका अर्धवट जळालेल्या पोथीवर येऊन ठेपली होती.

हे दैन्य टॉल्किन यांना सहन झाले नाही. आपल्या देशाला अर्पण करता येईल असा पुराणकथांचा एक सलग समूह रचावा, ही आपली जुनी आकांक्षा त्यांनी १९५१ च्या सुमारास एका प्रकाशकाला लिहिलेल्या दीर्घ पत्रात मांडली आहे. हे काम त्यांनी निवांत अभ्यासिकेत आरंभलेले नव्हते. १९१६ मध्ये फ्रान्समधील सॉमच्या रणभूमीवर ते संदेशवहन अधिकारी होते. त्या वर्षात त्यांचे दोन जिवलग मित्र मारले गेले. स्वतः टॉल्किन तापाने आजारी पडून नोव्हेंबरमध्ये इंग्लंडला परतले आणि त्या आजारपणाच्या काळात गोंडोलिन नगरीच्या पतनाची कथा लिहू लागले. ‘द सिल्मरिलियन’ची सुरुवात ती. तेथून १९७३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्या कथा लिहीत, खोडत आणि पुन्हा लिहीत राहिले. १९३७ मध्ये ‘द हॉबिट’ गाजल्यावर त्यांनी ही पुराणे प्रकाशकापुढे ठेवली. प्रकाशकाला हॉबिटांची पुढची गोष्ट हवी होती. त्या मागणीतून १९५४-५५ मध्ये ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ प्रसिद्ध झाली. जग ज्या कादंबरीवर लुब्ध झाले ती टॉल्किन यांच्या दृष्टीने एका विशाल वृक्षाची फांदी होती. त्या वृक्षाचे मूळ त्यांच्या हयातीत प्रसिद्धच झाले नाही.

ज्या समाजाचे पुराण नष्ट झाले, त्या समाजातील एका विद्वानाने सुमारे साठ वर्षे खर्चून एकट्याने पुराण रचले. ज्या समाजाकडे रामायण, महाभारत आणि अठरा महापुराणे आहेत, त्या समाजातील विद्वान ती कशी टाकाऊ आहेत हे सिद्ध करण्यात आयुष्य घालवतात. दोघांतील दरिद्री कोण?

फेब्रुवारी १८३५

टॉल्किन यांना वाट दाखवली ती फिनलंडने. तो छोटा देश शतकानुशतके स्वीडनच्या सत्तेखाली होता आणि १८०९ पासून रशियाच्या. शिकलेल्यांची भाषा स्वीडिश, खेडुतांची फिनिश. एलियास लोनरोट हा डॉक्टर गावोगाव हिंडला, खेडुतांच्या तोंडची गीते त्याने टिपून घेतली आणि त्यांतून ‘कालेवाला’ हे महाकाव्य सिद्ध केले. त्याच्या प्रस्तावनेवर तारीख आहे २८ फेब्रुवारी १८३५. फिनलंड आजही तो दिवस साजरा करतो. त्या ग्रंथाने फिनिश माणसाला आपली भाषा लाज वाटण्याजोगी नाही हे शिकवले आणि १९१७ मध्ये तो देश स्वतंत्र झाला. विद्यार्थिदशेत टॉल्किन यांनी कालेवाला मुळातून वाचण्यासाठी फिनिश व्याकरणाचा अभ्यास केला. त्यातील कुल्लेर्वो या दुर्दैवी नायकाची कथा त्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहायला घेतली. पुढे त्यातूनच ‘द सिल्मरिलियन’मधील तूरिनची शोकांतिका उभी राहिली.

आता त्याच महिन्यातील दुसरी तारीख पाहावी. २ फेब्रुवारी १८३५ या दिवशी कलकत्त्यात मेकॉलेने आपले कुप्रसिद्ध टिपण सादर केले. युरोपातील चांगल्या ग्रंथालयाची एक फळी हिंदुस्थान आणि अरबस्तान यांच्या समग्र वाङ्मयाला भारी आहे, असा त्याचा दावा होता. आपल्याला संस्कृत येत नाही, अरबीही येत नाही, हे त्याने त्याच टिपणात नमूद करून ठेवले आहे. एकाच महिन्यात एका पराधीन देशात एक डॉक्टर खेडुतांच्या गीतांतून राष्ट्र उभे करत होता आणि दुसऱ्या पराधीन देशात एक परकीय अधिकारी न वाचलेल्या वाङ्मयाला निकालात काढत होता. फिनलंडने लोनरोटचे ऐकले. हिंदुस्थानातील शिकलेल्या वर्गाने मेकॉलेचे ऐकले. इंग्रज १९४७ मध्ये गेले. पण संस्कृत न येता संस्कृत वाङ्मयाविषयी निर्णय देण्याचा मेकॉलेचा अधिकार आपल्या बुद्धिवंतांनी वारसाहक्काने घेतला.

मनोरा पाडणारे

१९३६ मध्ये टॉल्किन यांनी ‘बेवुल्फ’वर एक व्याख्यान दिले. त्यात त्यांनी एक दृष्टांत सांगितला. एका माणसाने जुन्या दगडांतून मनोरा बांधला. त्याचे मित्र आले. दगड जुने आहेत हे त्यांच्या लक्षात आले. मग ते कोठून आणले, त्यांवर काय कोरले आहे, हे पाहण्यासाठी त्यांनी मनोराच पाडला. आणि वर, कसला हा गबाळा मनोरा, असेही म्हणाले. त्या मनोऱ्यावर चढले असता समुद्र दिसत होता, हे त्यांच्या गावीही नव्हते. टॉल्किन यांचा रोख होता तो महाकाव्याकडे केवळ इतिहासाची खाण म्हणून पाहणाऱ्या पंडितांवर.

हा दृष्टांत जणू महाभारतासाठीच सांगितलेला आहे. मूळ भारत केवढे, प्रक्षेप कोणते, कोणत्या श्लोकामागे कोणत्या वर्गाचे हितसंबंध, याची चिरफाड विद्यापीठांतून अखंड चालू असते; मनोऱ्यावर चढून समुद्र पाहावा, असे सांगणारा विरळा. या पुराणांसाठी ‘मिथक’ हा शब्द रूढ झाला आहे. इंग्रजीतील ‘मिथ’वरून घडवलेला हा शब्द कानाला ‘मिथ्या’ची आठवण करून देतो आणि अर्धे काम तेथेच होते. सप्टेंबर २००७ मध्ये सेतुसमुद्रम प्रकल्पाच्या खटल्यात तत्कालीन केंद्र सरकारच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र सादर झाले. रामायणातील पात्रांचे अस्तित्व निर्विवाद सिद्ध करणारा ऐतिहासिक पुरावा म्हणून या ग्रंथांकडे पाहता येत नाही, असा त्याचा आशय होता. देशभर संताप उसळला आणि ते मागे घ्यावे लागले. कोट्यवधींच्या जीवनाला आकार देणाऱ्या ग्रंथाकडे दगड मोजण्याच्या दृष्टीनेच पाहायचे, ही ती वृत्ती.

परंतु येथे स्वकीयांनीही थोडे आत्मपरीक्षण करावे. विरोधक पुरावा मागतो म्हणून आपणही पुराव्यांच्याच मागे धावतो. ग्रहस्थितीवरून युद्धाची तिथी काढण्यात जेवढा उत्साह दिसतो तेवढा शांतिपर्व उघडण्यात दिसत नाही. असा माणूसही दगडच मोजत असतो, फक्त त्याची बेरीज वेगळी येते.

हा भेद ओळखणारे एक विद्वान पुण्यातच होऊन गेले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. १,२५९ हस्तलिखितांचा धांडोळा घेऊन ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. या कार्याचे प्रमुख संपादक डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर हे बर्लिनमध्ये शिकलेले भाषाशास्त्रज्ञ. पाठभेदांची चिकित्सा त्यांच्याइतकी कोणी केली नसेल. अशा या माणसाने आयुष्याच्या अखेरीस मुंबईत महाभारताच्या अर्थावर व्याख्याने दिली आणि ग्रंथाचे तुकडे करून त्याचे मर्म हाती लागत नाही, तो अखंड वाचावा लागतो, हे बजावले. चौथे व्याख्यान होण्यापूर्वीच, जानेवारी १९४३ मध्ये, त्यांचे निधन झाले. ऑक्सफर्डमधील टॉल्किन आणि पुण्यातील सुकथनकर हे समकालीन होते, दोघेही शब्दांचे शास्त्रज्ञ होते आणि दोघांचे सांगणे एकच होते. टॉल्किन आपल्या घरोघरी पोहोचले. सुकथनकरांचे नाव किती घरांत उच्चारले जाते? ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला, हे सर्वांनी वाचले. त्याच वास्तूत सत्तेचाळीस वर्षे खपून सिद्ध झालेला ग्रंथ किती जणांनी वाचला?

प्रेम आणि वापर

पुराणांविषयी आस्था बाळगली, की लगेच एक आक्षेप येतो. पूर्वजांच्या गौरवातूनच हिटलर निर्माण होतो, असे ऐकवले जाते. या आक्षेपालाही टॉल्किन यांच्या चरित्रात उत्तर आहे. १९३८ मध्ये ‘द हॉबिट’चे जर्मन भाषांतर काढू इच्छिणाऱ्या प्रकाशकाने त्यांना त्यांच्या आर्य वंशाविषयी विचारणा केली. टॉल्किन यांनी लिहिलेल्या उत्तराच्या मसुद्यात त्या प्रकाशकाला भाषाशास्त्राचा पाठच दिलेला आहे. आर्य या शब्दाचा संबंध हिंदी-इराणी भाषांशी आहे आणि आपले पूर्वज त्या भाषा बोलणारे नव्हते. राहिला प्रश्न ज्यू असण्याचा, तर त्या बुद्धिमान लोकांपैकी आपले कोणी पूर्वज नाहीत, याचा आपल्याला खेदच वाटतो, असे त्यांनी त्यात लिहिले. पुढे १९४१ मध्ये आपल्या मुलाला लिहिताना हिटलरवरील त्यांचा संताप उफाळून आला. ज्या उत्तरेकडील परंपरेवर टॉल्किन यांचे आयुष्यभर प्रेम होते, तिला त्या माणसाने विकृत केले, हा त्यांचा राग होता. परंपरा वाचणारा माणूस तिच्या विकृतीवर सर्वांत आधी चिडतो. परंपरेचा नुसता वापर करणाऱ्याला ती वाचण्याची गरजच भासत नाही. हे अंतर संस्कृतीचे नाव घेऊन काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावे. घोषणा कंठरवाने देता येतात. ग्रंथ मात्र वाचावाच लागतो.

निगा आधी थांबली, कुऱ्हाड नंतर आली

‘द सिल्मरिलियन’च्या उत्तर भागात न्यूमेनोर या द्वीपराज्याची कथा आहे. मराठी वाचकाने ती विशेष लक्षपूर्वक वाचावी. समुद्राच्या मध्यभागी वसलेले हे राज्य वैभवाच्या शिखरावर होते. राजवाड्याच्या प्रांगणात एक श्वेतवृक्ष होता; पूर्वजांना लाभलेल्या कृपेची ती खूण. हळूहळू राजांना पूर्वपरंपरेचा कंटाळा आला. ज्या भाषेत प्राचीन ज्ञान होते, त्या भाषेतील राजनाम धारण करण्याची रीत मोडली. मग त्या भाषेचा वापरच निषिद्ध झाला. ती त्यांची मातृभाषा नव्हती, विद्येची भाषा होती. आपल्याकडे संस्कृतचे जे स्थान, तेच. जे थोडे लोक जुन्या स्मृतीला धरून राहिले त्यांचा छळ झाला. आणि राजाने श्वेतवृक्षाची निगा राखणे सोडून दिले. वृक्ष सुकू लागला.

मध्ये एक पश्चात्तापी राजा झाला. त्याने वृक्षाला पुन्हा जपले. पण प्रजेचे मन वळले नाही आणि त्याच्यानंतर सारे पूर्वपदावर गेले. पुढील राजाने सॉरॉन या दुष्टाला बंदी म्हणून आणले. बंदी पाहता पाहता राजाचा सल्लागार झाला. त्याच्या सांगण्यावरून श्वेतवृक्ष तोडला गेला आणि नव्या मंदिरातील पहिल्या अग्नीत जाळला गेला. अखेर समुद्राने ते राज्य गिळले. नऊ जहाजांतून जे मूठभर लोक वाचले, त्यांच्यासोबत त्या वृक्षाचे एक रोपटे होते. वृक्ष तुटण्यापूर्वी इसिल्दुर नावाच्या तरुणाने पहारेकऱ्यांचे घाव सोसून एक फळ चोरून आणले होते, त्याचे ते रोप. मूळ कादंबरीच्या अखेरीस नव्या राजाला पर्वतावर जे रोप सापडते, ते त्याच वंशातले. पूर्वकथा वाचली नाही, तर तो प्रसंग केवळ एक सुंदर दृश्य वाटतो. वाचली, तर डोळ्यांत पाणी उभे राहते.

या कथेतील क्रम विसरण्यासारखा नाही. शत्रूची कुऱ्हाड नंतर आली. घरच्यांची निगा आधी थांबली. हिंदू समाजाला आपल्या परंपरेवर आघात करणाऱ्यांची नावे तोंडपाठ आहेत आणि ते आघात खरेही आहेत. पण मुलाला सावित्री ठाऊक नाही, याचा दोष कोणत्या आक्रमकावर टाकणार? अठराव्या शतकाच्या प्रारंभी श्रीधरस्वामींनी ‘हरिविजय’, ‘रामविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ हे ग्रंथ सोप्या ओवीत रचले. दिवेलागणीनंतर ओसरीवर कोणी एकाने वाचायचे आणि अक्षरओळख नसलेल्या आजीपासून नातवापर्यंत सर्वांनी ऐकायचे, अशी पिढ्यान् पिढ्यांची रीत होती. परकीय राजवटींतही ती टिकली. ती बंद पडली ती दिवाणखान्यात दूरचित्रवाणी संच आल्यावर, आपल्याच हातांनी. १९८७ मध्ये रामायण मालिका सुरू झाली तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत आणि २०२० च्या टाळेबंदीत ती पुन्हा दाखवली गेली तेव्हाही घराघरांत पाहिली गेली. ही ओढ आश्वासक आहेच. पण मालिका पाहून ग्रंथ वाचल्याचे समाधान मानणे म्हणजे ताटाच्या छायाचित्रावर भूक भागवणे होय. त्या पश्चात्तापी राजासारखा एका हंगामाचा उत्साह वृक्षाला पुरत नाही. पाणी रोज घालावे लागते.

पुत्राने फेडलेले ऋण

टॉल्किन गेले तेव्हा ‘द सिल्मरिलियन’ अपुरे होते. एकाच कथेचे अनेक परस्परविरोधी खर्डे, कागदांचे ढीग आणि दुर्बोध अक्षर, एवढाच वारसा मागे राहिला. त्यांचे पुत्र ख्रिस्तोफर यांनी ते काम अंगावर घेतले, ऑक्सफर्डमधील अध्यापन सोडले आणि १९७७ मध्ये ते पुस्तक सिद्ध केले. तेथे न थांबता त्यांनी १९८३ ते १९९६ या काळात वडिलांच्या लेखनाचा इतिहास बारा खंडांत संपादित केला. २०१८ मध्ये ‘द फॉल ऑफ गोंडोलिन’ प्रसिद्ध झाले तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. १०० वर्षांपूर्वी आजारी सैनिकाने लिहायला घेतलेली कथा त्याच्या वृद्ध पुत्राने जगापुढे ठेवली. जानेवारी २०२० मध्ये ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. वडिलांच्या ग्रंथाचा बाजार मांडला गेल्याची खंत त्यांनी २०१२ मध्ये एका फ्रेंच दैनिकाजवळ बोलून दाखवली होती. चित्रपटांच्या झगमगाटात मूळ ग्रंथाचे गांभीर्य हरवले, हे त्यांचे दुःख होते. आपल्या परंपरेत याला पितृऋण आणि ऋषिऋण म्हणतात. ऋण मानणारे ते शब्द आपले. फेडण्याचे उदाहरण मात्र इंग्लंडमधून घ्यावे लागते!

म्हणून मुलाच्या हातातील ‘द सिल्मरिलियन’ काढून घेण्याचे काहीही कारण नाही. ते पुस्तक उत्तम आहे. त्याचा कर्ता श्रद्धावान कॅथलिक होता आणि त्याच्या कथेत त्याच्या श्रद्धेचे प्रतिबिंब आहे, हेही मुलाने जाणून घ्यावे. जो स्वतःच्या श्रद्धेला घट्ट धरून राहिला त्याच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ असते. मुलाने ते वाचावे आणि वाचून झाल्यावर वडिलांनी त्याच्याशेजारी बसावे. ‘हरिविजया’चे छत्तीस अध्याय आहेत. आषाढी एकादशीपासून आठवड्याला दोन वाचले, तरी कार्तिकीच्या सुमारास ग्रंथ पूर्ण होतो. ज्या मुलाने न्यूमेनोरच्या राजांची नावे पाठ केली त्याला यदुवंशाची नावे जड जाणार नाहीत. अडचण मुलाच्या बुद्धीची नाही. ज्या वडिलांनी स्वतः कधी ती पोथी उघडली नाही, त्यांच्या संकोचाची ती अडचण आहे.

इंग्लंडमधील एका माणसाला आपल्या देशाचे ताट रिकामे दिसले आणि ते भरण्यासाठी त्याने सारा जन्म वेचला. आपल्यापुढे व्यास-वाल्मीकींनी वाढून ठेवलेले ताट आहे आणि आपण त्यावरून उठून दुसऱ्याच्या पंगतीत जागा शोधत आहोत. येत्या आषाढीला वरच्या फळीवरचे ते लाल कापड सोडले जाणार की नाही, एवढाच प्रश्न आहे. आणि तो प्रत्येक घराने स्वतःला विचारायचा आहे.